घरातल्या सपाता

आमच्या घरात बायकांच्या चपलांचा एकच जोड होता आणि तो माझा होता. मी चिपळूणला कॉलेजात जात होते म्हणून. कॉलेजात जाणारीला चपला लागतात आणि शेतात जाणारीला लागत नाहीत, असं कोणी बसून ठरवलं नव्हतं, पण आमच्या घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं. माझी थोरली बहीण, आक्का, सातवीनंतर शाळेतून निघाली आणि तिथून पुढं तिच्या पायांना माती, कातळ आणि शेण एवढंच लागलं. चैत्रात वाडीबाहेरच्या सड्यावरचा उघडा कातळ तापला की मी चपला घालूनही त्याच्यावरून पळत सुटायची. आक्का भाजावळीत जाळायला तोडलेल्या फांद्यांचा भारा डोक्यावर घेऊन त्याच कातळावरून सावकाश, गप्पा मारत चालायची.

मला तिचं कौतुक नव्हतं. लाज वाटायची. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी पुष्कळांना नावं ठेवणार आहे आणि त्यांत माझी जागा कुठं आहे हे वाचणाऱ्याला कळलेलं बरं.

ही ऐंशी सालानंतरच्या दोनचार वर्षांतली गोष्ट. आमच्या वाडीत तेव्हा अनवाणी चालण्याचं कोणाला काही वाटत नसे. वाटायचं ते चपलांचं. गणपतीला मुंबईचे चुलते आले की गावात बूट यायचे. भाद्रपदातला चिखल, भातखाचरांचे निसरडे बांध आणि त्यावरून बूट! पन्नास पावलांत एक बूट चिखलात राहायचा आणि पाय तेवढा वर यायचा. मग हे साहेब पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळून, एका हातात बूट आणि दुसऱ्या हातात ट्रान्झिस्टर धरून घरापर्यंत यायचे, आणि खळ्याच्या, म्हणजे घरापुढच्या अंगणाच्या, कडेला बसून, चिखलाचे पाय तसेच त्या बुटांत कोंबून पुन्हा साहेब व्हायचे. खळ्यातून पडवीपर्यंत दहा पावलं. तेवढ्यासाठी. पडवीशी आले की पुन्हा बूट काढायचे, कारण घरात चपला न्यायची हिंमत त्यांच्यापैकी एकाचीही नव्हती.

बायकांचं वेगळंच. मानकऱ्यांच्या दारावरून बाईमाणसानं चपला घालून जायचं नाही. पडवीत बसलेली म्हातारी मंडळी अशी खाकरायची की पुढची आठवण देण्याची गरज पडू नये. मी कॉलेजची मुलगी, वह्या छातीशी धरून आणि चपला हातात घेऊन वाडी ओलांडायची. सड्यावर आलं की घालायच्या, परतताना वाडीच्या तोंडाशी काढायच्या. त्या खाकरणाऱ्यांपैकी एकही कधी स्वतःचे पाय धुऊन झोपल्याचं मला आठवत नाही.

आक्काला यातलं काहीच करावं लागत नसे. हातात घ्यायलाच काही नव्हतं.

तिचे पाय रुंद होते. अंगठा बाकीच्या बोटांपासून वेगळा उभा. लावणीत बांध चढताना तो अंगठा मातीत रुतवून ती वर यायची. त्याच बांधावर मी दोनदा सपशेल आपटले आहे. पावसात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या व्हायच्या, त्यांवर ती मेंदीचा पाला वाटून लावायची. थंडीत टाचांना भेगा पडायच्या. मग कोकमाच्या तेलाची मुठीएवढी वडी निखाऱ्यावर जराशी धरायची आणि पाघळली की भेगांवर घासायची. हे करताना ती गाणं म्हणायची. आपल्या पायांत काही वाईट आहे हे तिला तेव्हा माहीत नव्हतं.

ते तिला वेळणेश्वराकडून आलेल्या एका स्थळानं सांगितलं. मुलाची आत्या आली होती, गोल चेहऱ्याची, सारखं पान खाणारी. पोहे खाऊन झाल्यावर तिनं आक्काला चालून दाखवायला सांगितलं. आक्का चालली. मग आत्या म्हणाली, “लुगडं जरा वर घे बगू. अजून वर. वळ.” आक्का वळली. ती बाई पुढं वाकून टाचा बघत होती, बाजारात बैल बघतात तशी. बैलाचे निदान दातही बघतात. हिनं आक्काच्या तोंडाकडे पुन्हा एकदाही पाहिलं नाही. आठवड्यानं मध्यस्थ निरोप घेऊन आले. मुलगी चांगली आहे, कामाची आहे, पण पाय बाईमाणसाचे नाहीत.

म्हणजे सून कामाची पाहिजे होती, पण काम केल्याची खूण कुठं दिसता कामा नये. शेत नांगरायचं आणि माती नको. असल्या लोकांना देव सुना देतो तरी कसा, असं मी आईला म्हटलं. आई म्हणाली, “तू गप ऱ्हा.”

त्यानंतर आक्का विहिरीवर गेली की वेळ लावायला लागली. जांभ्या दगडाच्या तुकड्यानं टाचा घासायची. एकदा मी पाणी भरायला गेले तर दगड लाल आणि टाच त्याहून लाल. मी तिच्या हातातला दगड ओढून फेकला. तिनं तो शोधून परत आणला.

“तुला एवढं लग्न कशाला हवंय?” मी चिडून विचारलं.

“भावाचं ठरत आलंय,” ती म्हणाली. “त्याची बायको आली की मी हितं कोन? ती सांगंल तं करायचं, ती वाडंल तं खायाचं. मला माजी चूल पायजे गो. माती माजी, लाकडं माजी. मग त्यावर पेज शिजली तरी चालंल.”

भाऊ तेव्हा लोट्याला एका कंपनीत लागला होता. कंपनीची बस, पाळ्या आणि कंपनीचे टणक काळे बूट. घरी आला की ते बूट पडवीतल्या खुंटीला लटकायचे, आक्काच्या विळ्याशेजारी. लटकण्याआधी ते पुसले जायचे. कोण पुसायचं ते वेगळं सांगायला नको. भाऊ वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त दिसायचं नाही. आमच्याकडच्या बऱ्याच पुरुषांचं डोळ्यांचं दुखणं हेच.

वैशाखात मुंबईचं स्थळ आलं. मुलगा छापखान्यात नोकरीला, आईवडलांसह चाळीत राहणारा. मूळ गाव आमच्यापासून सहा कोसांवर, पण बापाच्या तरुणपणापासून मुंबईत. फोटोवरून त्यांनी पसंती कळवली होती, फक्त बघण्याचा कार्यक्रम राहिला होता. मुलाचाही फोटो आला. आक्कानं तो तांदळाच्या डब्याच्या झाकणात आतून खोचून ठेवला. भाताचं आधण आलं की डबा उघडायची आणि हसायची.

“कान बग त्याचे,” मला म्हणाली. “पावसात छत्री नको.” पण डबा लावताना फोटो दुमडणार नाही याची ती काळजी घ्यायची. ते बघून मला कळलं की या वेळी तिला नुसती चूल नको आहे.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मावशी आली.

मावशी पोफळीला राहायची. काकांना तिथल्या वीजप्रकल्पाच्या कचेरीत कारकुनी होती आणि कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर. कचेरीत कारकून असलेल्या नवऱ्याची बायको अर्धी इंजिनीअर असते, अशी मावशीची समजूत होती. वीज कशी तयार होते हे तिला विचारा, “मशिनीतून,” असं ती ठामपणे सांगायची. साहेबांच्या बंगल्यांत तिची ऊठबस होती, म्हणजे पापड लाटायला बोलावत. तिथून ती एकेक रीत घेऊन यायची आणि आमच्या डोक्यात घालायची. चहा गाळून झाल्यावर दूध घालायचं. टॉवेल म्हणायचं, पंचा नाही. आणि घरात सपाता घालायच्या.

तिनं त्या आणल्याच होत्या. पिशवीतून वर्तमानपत्राची पुरचुंडी काढली, सोडली, आणि तांबड्या रबरी सपातांचा जोड, पट्ट्यांवर प्लास्टिकचं पांढरं फूल, आमच्या सारवलेल्या जमिनीवर ठेवला. आईनं तो असा बघितला जसं काही मावशीनं बेडूक आणून सोडलाय.

“ह्या घरातल्या,” मावशी म्हणाली. “बाहेरच्या वेगळ्या असतात. साहेबांकडे सगळ्या बायका घरात घालतात. पायांना भेगा पडत नाहीत. आणि असल्या तर दिसत नाहीत.” शेवटचं वाक्य बोलताना तिनं आक्काकडे बघितलं नाही, तेवढी मात्र तिची सभ्यता.

साहेबांच्या बंगल्यात फरशी होती, जेवायला टेबल होतं, झोपायला पलंग होते. त्यांच्या जमिनीला चालण्याखेरीज दुसरं काम नव्हतं. आम्ही ज्या जमिनीवर चालत होतो तिच्यावरच जेवत होतो, तिच्यावरच निजत होतो आणि तिच्यावरच बाळंत होत होतो. हा फरक मावशीच्या डोक्यात शिरायला तिथं आधी थोडी जागा असावी लागली असती.

बाबा पायरीवर बसून सुंभ वळत होते. ते म्हणाले, “सारवल्याली भुई हाय ती. तिच्यावर पान मांडतो आपून.”

“भाऊजी, मुंबईची माणसं येणारेत,” मावशी म्हणाली. “त्यांना तुमची भुई काय करायचीय?”

आक्कानं सपाता घालून बघितल्या. पाय पुढं जाईना. सपाता मावशीच्या मापाच्या, तिचा पाय लहान; आक्काची करंगळी बाहेर आणि टाच मागून बोटभर लोंबकळत. तिनं त्या काढल्या आणि म्हणाली, “मी नाय घालनार. मोडलं तर मोडलं.” आणि गोठ्यात निघून गेली.

तिथंच तो विषय संपायला हवा होता.

दुपारी मी गोठ्यात गेले. आक्का शेण पाटीत भरत होती. मला बघून हात थांबवले.

“तू सांग,” ती म्हणाली. “तू शिकल्याली हायस. कॉलेजात तुज्या मुंबईच्या पोरी हायत. मुंबईची मान्सं घरात घालतात काय चपला? तू सांगशील तसं करीन.”

मी म्हटलं, “घालतात.”

एवढाच शब्द. ती मान हलवून पुन्हा शेण भरायला लागली. संध्याकाळी तिनं पडवीत ताट घेऊन सपातांतून चालायचा सराव केला. फट्, फट्, फट्. मावशी माप घेतल्यासारखी मागून बघत होती. आई डोळे मिटून बसली होती.

पाहुणे दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि मध्यस्थ. मुलाच्या वडलांच्या पायात पॉलिश केलेले बूट, चाळीचा सेक्रेटरी घालील तसले. आणि इथं पहिली गोष्ट घडली, जी बघून मावशीनं तरी शहाणं व्हायला हवं होतं. ते चौघं खळ्याच्या कडेला थांबले आणि पायताणं काढली. न सांगता, एका रांगेत, टोकं बाहेरच्या बाजूला करून. आईनं पाणी दिलं, त्यांनी पाय धुतले. मुलाच्या आईनं तर घोट्यापर्यंत चोळून धुतले आणि पदरानं पुसले. मऊ, गोरे पाय, तळव्यावर रेघसुद्धा नाही. मग ती उंबऱ्याला हात लावून, तो हात कपाळाला लावून आत आली.

मी ते दारातून बघत होते. आत जाऊन “काढ त्या” एवढं म्हणायला मला चार पावलं चालावं लागलं असतं.

आक्का बाहेर आली. फट्, फट्, फट्. हातात पोह्यांचं ताट, अंगावर माझी निळी साडी, मान खाली. ती खरंच सुंदर दिसत होती. पण तिच्याकडे बघतो कोण? पडवीतले सगळे डोळे त्या प्लास्टिकच्या फुलावर होते. ती वाकली आणि मुलाच्या वडलांसमोर ताट ठेवलं. त्यांनी मांडी घातलेले पाय मागं ओढले.

“अन्न आणताना चपला?” मुलाची आई म्हणाली. मोठ्यानं नाही. एखाद्याच्या घरी पाल दिसावी आणि बोलू की नको असं व्हावं, तशी.

“घरातल्या आहेत त्या,” मावशी हसून पुढं सरसावली. “हल्ली सगळीकडे घालतात.”

“आमची खोली दहा बाय बाराची आहे,” मुलाचे वडील म्हणाले. “त्यात देव आहेत, त्यात जेवण आहे, त्यात झोपणं आहे. चपला बाहेर गॅलरीत. आमच्या अख्ख्या चाळीत उंबऱ्याच्या आत चप्पल नेणारा माणूस मी पाहिला नाही.” आणि मग अगदी सभ्यपणे, “गावाकडे अजून रीतभात असेल असं वाटलं होतं आम्हाला.”

मुंबईत राहून माणसाला गावाची रीतभात शिकवायचा परवाना मिळतो. पायांखाली फरशी आणि डोक्यावर दुसऱ्याची खोली असलेले हे गृहस्थ आमच्या पडवीत बसून आमच्या सारवणाची बाजू आम्हालाच ऐकवत होते. आणि सर्वांत वाईट म्हणजे ते बरोबर होते.

आक्का उभी राहिली. तिनं सपाता काढल्या. एक क्षण त्यांचं काय करावं ते तिला सुचलं नाही. मग तिनं त्या उचलून हातात घेतल्या, मानकऱ्यांच्या दारावरून जाताना बायका घेतात तशा, आणि पाठ वळवून आत चालू लागली. अनवाणी.

तेव्हा टाचा दिसल्या. दगडानं घासून लालभडक झालेल्या, भेगांत कोकमाचं तेल चकाकणाऱ्या. मुलाच्या आईनं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं पोह्यांकडे. मुलगा, त्याच्या त्या मोठ्या कानांसह, आधी आईकडे आणि मग बापाकडे बघत राहिला, कोणीतरी सांगेल आपल्याला काय वाटलं पाहिजे ते, म्हणून. एक शब्द बोलला असता तर मी त्याला आजही मान दिला असता. तो पोहे खायला लागला.

नकार चार दिवसांत आला आणि त्यात दोन कारणं होती. एक, मुलीला वळण नाही, घरात चपला घालते. दोन, मुलगी अनवाणी फिरते, पाय मजुरणीचे आहेत. ही दोन्ही कारणं मध्यस्थांनी एका दमात, एकापुढं एक सांगितली, आणि त्यांना त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. आमच्या घरातही कोणाला वाटलं नाही. बाबा म्हणाले, “बरं.” मावशीनं सपाता धुऊन, पुसून, पुन्हा पुरचुंडीत बांधल्या आणि पोफळीला परत नेल्या, जाताना म्हणाली, मुलीला त्यात चालता आलं नाही, नाहीतर छान दिसल्या असत्या.

पाहुणे गेले त्याच दुपारी आक्कानं पडवी पुन्हा सारवली होती. सकाळीच सारवलेली. फोटो तिनं परत पाठवायला मध्यस्थांकडे दिला, सरळ, न दुमडता.

आता माझं. मी मावशीला एवढी वर्षं झोडपत आले, कारण ती झोडपायला सोयीची आहे. मूर्ख माणूस दिसला की आपण शहाणे ठरतो. पण मावशीला खरंच ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. कॉलेजातली माझी एक मैत्रीण मुंबईत वाढलेली, चिपळुणात मामाकडे राहायची. त्यांच्या दारात मी कितीदा चपला काढल्या होत्या. तिच्या मामीनं एकदा तर माझ्या चपला पायानंच सरळ करून रांगेत लावल्या होत्या. मुंबईची माणसं घरात चपला घालत नाहीत हे मला गोठ्यात उभी असताना स्वच्छ माहीत होतं. तरी मी “घालतात” म्हटलं, कारण मला ते पाय झाकायला हवे होते. आक्काची बहीण म्हणून मला त्या मुंबईच्या बाईसमोर उभं राहायचं होतं आणि मध्ये त्या टाचा नको होत्या. पान खाणाऱ्या आत्यानं निदान उघड वाकून बघितलं होतं. मी न वाकता तेच केलं.

आक्कानं मला कधी विचारलं नाही. माझं चुकलं असेल, शिकलेल्यांचंही चुकतं, एवढंच तिनं धरलं असावं. दोन वर्षांनी तिला एका बिजवराला दिलं, सड्यापलीकडच्या गावात. मुलगी बघायला आले तेव्हा त्यांनी पाय बघितले नाहीत, हात बघितले. चूल मिळाली तिला. दुसरीनं मांडलेली, दुसरीच्या दोन मुलांसह.

मी शिकले, शिक्षिका झाले आणि रत्नागिरीत दोन खोल्यांची जागा भाड्यानं घेतली. खाली फरशी, जेवायला लहानसं टेबल. पावसाळ्यात फरशी गार लागते म्हणून मी घरात सपाता घालू लागले. साध्या, निळ्या, फूल नसलेल्या. ही मावशीचीच रीत आहे असं कोणी दाखवून दिलं असतं तर मी मानलंच नसतं.

त्या वर्षी श्रावणात आक्का पहिल्यांदा माझ्याकडे आली, सकाळच्या एसटीनं. शहरात जायचं म्हणून तिनं चपला विकत घेतल्या होत्या. मी दार उघडलं. ती आत यायला निघाली आणि थांबली. तिची नजर माझ्या पायांवर गेली. मग तिनं स्वतःच्या चपला काढून हातात घेतल्या, ओल्या, लाल मातीनं भरलेल्या, आणि मागं कोणी ऐकत नाही ना असं बघून, हळू आवाजात, पूर्ण विश्वासानं मला विचारलं, “ह्या भायेर ठेवू, का घालून येऊ? तू सांग गो. तुला ठावं.”

मी उत्तर देईपर्यंत ती चपला हातात धरून उंबऱ्याबाहेर उभी राहिली.